जास्तीचा कर आणि आनंदनगरचा नोकरदार

अंबरनाथ पूर्वेला काटई-कर्जत रस्त्यालगत आनंदनगरची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. पाळी सुटण्याच्या सुमारास तेथून बाहेर पडणाऱ्या गर्दीत उल्हासनगरचा फिटर असतो, बदलापूरचा प्रयोगशाळा साहाय्यक असतो, अंबरनाथच्याच एखाद्या चाळीत राहणारा पॅकिंग खात्यातला तरुण असतो. यांच्या वडिलांच्या पिढीत माणूस ऑर्डनन्समध्ये, विम्कोत, शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये किंवा आंबिवलीच्या एनआरसीत एकदा 'लागला' की निरोपाच्या हारापर्यंत तेथेच असे. २००९ मध्ये एनआरसीला टाळे लागले आणि त्या परिसरातील शेकडो घरांना नोकरी ही आजन्म टिकणारी वस्तू नाही, हे एका दिवसात उमगले. आजचा तरुण पस्तिशी गाठेपर्यंत चार दरवाजे ओलांडून आलेला असतो. कधी दोन हजार रुपये अधिक मिळतात म्हणून, कधी कारखान्याने पाळी कमी केली म्हणून आणि पुष्कळदा ठेकेदार बदलला म्हणून.

समाज बदलला, रोजगाराची रीत बदलली. पगारातून आयकर कापण्याची रीत मात्र अजून त्या जुन्या, एकाच ठिकाणी तीस वर्षे काढणाऱ्या नोकरदाराला डोळ्यांपुढे ठेवूनच चालते. या विसंगतीतून दरवर्षी किती कुटुंबांचा पैसा सरकारी तिजोरीत विनाकारण पडून राहतो, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. कर चुकवणाऱ्यांविषयी अग्रलेख लिहिले जातात. जास्त कर भरून बसलेल्याविषयी कोणी लिहिले आहे, असे क्वचितच दिसते. तो तक्रार करत नाही, कारण आपण जास्त भरले आहे हेच त्याला ठाऊक नसते.

करकपातीचे तंत्र मुळात सोपे आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ प्रमाणे मालकाने कर्मचाऱ्याच्या संपूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावरील वार्षिक कर काढायचा आणि तो महिन्यामहिन्याला सरासरीने कापून सरकारजमा करायचा. या अंदाजात एक गृहीत दडलेले असते, ते म्हणजे माणूस ३१ मार्चपर्यंत याच पगारावर याच ठिकाणी राहणार. आकडे मांडून पाहू. समजा, आनंदनगरातील एका उत्पादन व्यवस्थापकाचा पगार दरमहा १,२५,००० रुपये आहे. वार्षिक १५ लाख. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १४,२५,०००. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीतील दरांनी आणि चार टक्के उपकरासह यावर ९७,५०० रुपये कर येतो, म्हणजे दरमहा ८,१२५. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत त्याचे ४८,७५० रुपये कापले गेले. मग खाते बंद झाले. तीन महिने घरी काढल्यावर जानेवारीत त्याला ८०,००० रुपयांची दुसरी नोकरी मिळाली. मार्चअखेर त्याची वर्षाची एकूण कमाई झाली ९,९०,०००. वजावटीनंतर उरले ९,१५,०००. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य. म्हणजे ज्याला त्या वर्षी एक रुपयाही कर लागू नव्हता, त्याचे ४८,७५० रुपये सरकारकडे गेले. तेही ऐन बेकारीच्या वर्षात, मुलांचे शुल्क आणि घराचा हप्ता डोक्यावर असताना.

कर राष्ट्रकार्यासाठी असतो आणि तो आनंदाने द्यावा, याविषयी या नियतकालिकाच्या वाचकाला कोणी उपदेश करण्याची गरज नाही. परंतु देय नसलेला कर हा कर नव्हेच. कौटिल्याला कोणी करसंकलनाच्या बाबतीत मवाळ म्हणणार नाही. तरीही अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात तो म्हणतो की, जो अधिकारी ठरलेल्या महसुलाच्या दुप्पट वसूल करतो तो जनपदालाच खातो. आणि ती जास्तीची रक्कम त्याने राजाच्याच खजिन्यात भरली तरी तो निर्दोष ठरत नाही, अपराध लहान असेल तर त्याला समज द्यावी, मोठा असेल तर दंड करावा. पैसा राजाकडे गेला म्हणून अन्यायाचा न्याय होत नाही, हे सूत्र आमच्या राज्यशास्त्रात इतके जुने आहे. आजच्या व्यवस्थेत दुष्ट अधिकारी कोणी नाही, हे खरे. येथे जनपद खाणारे एक गृहीतक आहे.

नोकरी बदलल्यावर नेहमी जास्तच कर कापला जातो असेही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उलटही घडते. पहिले सहा महिने दरमहा ९०,००० आणि पुढचे सहा महिने १,४०,००० मिळवणाऱ्याचे उदाहरण घ्या. पहिल्या मालकाच्या अंदाजाने वार्षिक उत्पन्न बारा लाखांच्या आत, म्हणून कपात शून्य. दुसऱ्याने आपल्याकडचे सहा महिनेच मोजले, म्हणून तेथेही शून्य. प्रत्यक्षात एकूण १३,८०,००० झाले आणि विवरणपत्र भरताना ७८,७८० रुपये कर, वर व्याज, असा धक्का बसला. दोन्ही प्रकारांतील दोष एकच. नव्या मालकाला जुन्या पगाराची माहिती नाही. ती देण्यासाठी कायद्यात फॉर्म १२बी ठेवलेला आहे, पण तो देणे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडले आहे. पूर्वीचा पगार किती होता हे नव्या साहेबाला कळू नये म्हणून नोकरदारही तो देत नाही. मानवी स्वभाव आहे तो, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

ब्रिटनमध्ये १९४४ पासून पगारातून कर कापण्याची जी पद्धत चालत आली आहे, तीत ही अडचण मुळातच सोडवलेली दिसते. नोकरी सोडणाऱ्याच्या हाती जुना मालक 'पी ४५' नावाचे पत्रक देतो. त्यावर वर्षारंभापासूनचा पगार आणि कापलेला कर लिहिलेला असतो. नवा मालक तेथून पुढे हिशेब चालू ठेवतो, आणि मधल्या बेकारीमुळे कर जास्त कापला गेला असेल तर तो नव्या नोकरीच्या पहिल्या पगारातच परत मिळतो. परक्याचे सगळेच चांगले मानणाऱ्यांपैकी मी नाही. पण ज्यांच्याकडून आपण आयकर घेतला, त्यांनी तो परत देण्याची सोयही शोधून ठेवली असेल तर तेवढी उचलायला हरकत कसली? आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्मचाऱ्याला अन्यत्र कापलेला कर मालकाला कळवून पगारातील कपात कमी करून घेण्याची मुभा मिळाली आणि त्यासाठी फॉर्म १२बीएए आला. पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र तेही पुन्हा कर्मचाऱ्यानेच उचलायचे आहे.

येथवर ज्यांचा विचार केला त्यांच्याजवळ निदान एखादा सनदी लेखापाल ओळखीचा असतो. आनंदनगरातील अधिक मोठा आणि अधिक मुका वर्ग दुसराच आहे, तो ठेकेदारामार्फत काम करणारा. त्याचे यंत्र तेच, पाळी तीच, मुकादमही तोच. बदलतो तो पगारपत्रकावरचा ठेकेदार. कारखान्याचे कंत्राट संपले की नवा ठेकेदार येतो आणि कायद्याच्या दृष्टीने माणसाची नोकरी बदलते. पगार २०-२२ हजार, त्यामुळे आयकराशी आपला काही संबंध आहे असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. पण संबंध येतो, भविष्यनिर्वाह निधीच्या वाटेने.

१ जून २०१५ पासून आयकर कायद्यात कलम १९२ए आले. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण होण्याआधी पीएफची रक्कम काढली आणि ती ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक असली, तर त्यातून १० टक्के कर कापला जातो. (आरंभी ही मर्यादा ३०,००० होती, ती २०१६ मध्ये वाढवली.) पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. समजा, दरमहा २२,००० मिळवणाऱ्या एका कामगाराने तीन वर्षांनी ठेकेदार बदलल्यावर साठलेले ८०,००० रुपये काढले. मुलीचे लग्न असते, घराचे पत्रे बदलायचे असतात, कोणाचे देणे असते. हाती येतात ७२,०००. 'सरकारने आठ हजार कापले' एवढे त्याला समजते आणि तो विषय तेथेच संपतो. वास्तविक त्याचे वर्षाचे सगळे उत्पन्न एकत्र केले तरी करपात्र मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. ते आठ हजार जसेच्या तसे त्याचे आहेत. कोणा मोठ्या पगारदाराला आठ हजारांचे काय, असे वाटेल. या माणसाच्या पगाराचा तो तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग आहे.

खरे म्हणजे येथे कपात व्हायलाच नको होती, अशी परिस्थिती कितीतरी वेळा असते. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. पहिली अशी की, जुन्या मालकाकडील पीएफची रक्कम नव्या मालकाकडील खात्यात वर्ग केली तर आधीची सेवाही पाच वर्षांत धरली जाते. ठेकेदार चार झाले तरी चालतील, खात्याची साखळी तुटता कामा नये. २०१४ मध्ये यूएएन क्रमांक आला तो याचसाठी. दुसरी अशी की, प्रकृती बिघडल्यामुळे, मालकाचा धंदा आकसल्याने किंवा बंद पडल्याने, अथवा कर्मचाऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या अन्य कारणाने नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांची अट लागूच होत नाही. कारखाना बंद पडून ज्याची नोकरी गेली त्याच्या पीएफला करमाफी आहे, हे आपल्या औद्योगिक पट्ट्यात किती जणांना माहीत आहे? नोकरी सुटण्याचे कारण नोंदीत सहसा मालक किंवा ठेकेदार भरतो. त्याला त्या एका शब्दाचे काही वाटत नाही, आणि ज्याला वाटायला हवे तो ती नोंद पाहत नाही. याशिवाय, करपात्र उत्पन्न नसणाऱ्याला कपात न करण्याविषयी निवेदन देता येते, तो अर्ज १५जी या नावाने ओळखला जात आला आहे. पैसे काढण्याचा अर्ज भरून देणारा दुकानदार तो जोडायला विसरतो, आणि आठ हजार जातात.

कापले गेले ते परत मिळवण्याचा मार्ग एकच, आयकर विवरणपत्र. येथेच २०२५ मध्ये घडलेली आणि वृत्तपत्रांच्या आतल्या पानांत विरून गेलेली एक घटना सांगणे आवश्यक आहे. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत नवे आयकर विधेयक मांडले. चौसष्ट वर्षांच्या जुन्या, क्लिष्ट कायद्याच्या जागी सुटसुटीत कायदा आणण्याचा तो उपक्रम स्वागतार्हच होता. पण त्या मसुद्यात एक कलम असे होते की, मुदतीत विवरणपत्र न भरणाऱ्याला परतावा मागताच येऊ नये. जुन्या कायद्याप्रमाणे जुलैअखेरची मुदत हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरून परतावा घेता येतो. त्या मसुद्याने ही वाट बुजवली असती. मुदत कोणाची हुकते? ज्याच्याकडे लेखापाल आहे त्याची क्वचितच. हुकते ती पहिल्यांदा विवरणपत्र भरणाऱ्याची, जुना ठेकेदार दूरध्वनी उचलत नाही अशाची, नोकरीच्या शोधात गाव पालथे घालणाऱ्याची. ज्याच्यावर एक पैचाही कर नाही त्याचा कापलेला पैसा केवळ तारीख उलटली म्हणून कायमचा सरकारचा झाला असता.

बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीने २१ जुलै २०२५ रोजी सादर केलेल्या अहवालात ही तरतूद काढून टाकण्याची शिफारस केली. सरकारने मूळ विधेयक मागे घेतले, ११ ऑगस्टला सुधारित विधेयक आणले, त्यातून ते कलम गेले, आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून नवा कायदा झाला. अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली; २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब जुन्याच कायद्याने व्हायचा आहे. संसदीय समित्या म्हणजे वेळकाढूपणा असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. सरकारनेही सूचना मान्य करण्यात कमीपणा मानला नाही, हे मोकळेपणाने नोंदवले पाहिजे. तरीही एक प्रश्न मनात राहतोच: असे कलम मसुद्यात शिरलेच कसे? लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विवरणपत्र उशिरा भरणारा म्हणजे हयगय करणारा, एवढेच चित्र असणार. आनंदनगरचा कामगार त्या चित्रात कोठेच नव्हता.

ही मानसिकता कायद्यात अन्यत्रही डोकावते. नागरिकाकडून कर येण्यास उशीर झाला की दरमहा एक टक्का व्याज. सरकारकडून परताव्यास उशीर झाला की कलम २४४ए प्रमाणे दरमहा अर्धा टक्का. पैसा तोच, कॅलेंडर तेच, व्याज मात्र निम्मे. २०२२ मध्ये अद्ययावत विवरणपत्राची सोय आली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने तिची मुदत चार वर्षांपर्यंत नेली. पण त्या वाटेने फक्त राहिलेला कर भरता येतो, परतावा मागता येत नाही. दार आहे, पण ते एकाच बाजूला उघडते. ३१ डिसेंबरही निघून गेला तर विलंब माफ करण्याचा अर्ज वरिष्ठ आयकर अधिकाऱ्याकडे करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने त्यासाठी कर आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा घातली आहे, आणि अशा परताव्यावर व्याज मिळत नाही. आठ हजारांसाठी मुख्य आयुक्तांच्या नावे कारणे लिहून अर्ज करणारा कामगार मी तरी अजून पाहिलेला नाही.

सगळेच चित्र काळे आहे असे मात्र कोणी समजू नये. पूर्वी परताव्याचे कागद टपालाने येत, पत्ता बदलला की परत जात, आणि चौकशीसाठी एक दिवसाची रजा खर्ची पडे. कोठे काय 'द्यावे' लागे याच्या कथा जुन्या लोकांना माहीत आहेत. बेंगळुरूचे केंद्रीकृत प्रक्रिया केंद्र सुरू झाल्यापासून हा मध्यस्थांचा बाजार पुष्कळ ओसरला. मार्च २०१९ पासून परतावा थेट पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो. आणखी एक जुने दुखणे होते. कित्येकांच्या नावावर वीस वर्षांपूर्वीची शे-पाचशे, हजार-दोन हजारांची 'थकबाकी' संगणकात दिसे, तिची नोटीस त्यांना कधी मिळालेली नसे, आणि नवा परतावा तिच्यात वळता होई. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील १०,००० रुपयांपर्यंतच्या अशा मागण्या मागे घेण्याची घोषणा झाली. सुमारे एक कोटी करदात्यांना याचा लाभ होईल, असे तेव्हा अर्थमंत्र्यांनी सांगितले होते. सामान्य माणसाच्या बाजूने उचललेले हे पाऊल फार गाजले नाही, गाजायला हवे होते.

दुसरे एक भय नोकरदाराच्या मनात घर करून असते. मालकाने पगारातून कर कापला, पण भरलाच नाही तर? लहान कारखान्यांच्या वसाहतीत हे भय निराधार नाही. कारखाना डबघाईला आला की आधी पीएफ थकतो, मग कापलेला कर. कलम २०५ या बाबतीत निःसंदिग्ध आहे. पगारातून कर कापला गेला असेल, तर तेवढ्या रकमेसाठी कर्मचाऱ्याच्या मागे लागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका नोकरदाराच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. मालकाने पैसे भरले नाहीत तर सरकारने मालकाला धरावे. मंडळानेही २०१५ मध्ये तशा सूचना दिल्या. मात्र न्यायालयाचे संरक्षण वसुलीपुरते आहे. कापलेला पैसा २६एएस मध्ये दिसत नसेल तर संगणक परतावा देत नाही आणि माणूस अधांतरी लटकतो. अशा वेळी पगारपत्रके आणि पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी हाच पुरावा. म्हणून त्या फेकू नयेत.

परताव्यासाठी झगडा दिल्यास काय मिळू शकते, याचे उदाहरण पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीचे आहे. परताव्यावरील व्याज सरकारने वर्षानुवर्षे अडवून धरले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००६ मध्ये त्या विलंबाबद्दल कंपनीला भरपाई देण्याचा आदेश दिला आणि करखात्याची कानउघाडणी केली. पुढे २०१३ मध्ये न्यायालयानेच स्पष्ट केले की कायद्यात सांगितलेल्या व्याजापलीकडे व्याजावर व्याज मागता येणार नाही. कंपनीला ज्येष्ठ विधिज्ञ उभे करता आले, वाट पाहण्याइतके भांडवल तिच्याजवळ होते. फिटरला ते परवडत नाही. म्हणून त्याच्यासाठी व्यवस्थाच अशी हवी की, झगडण्याची वेळ येऊ नये.

अज्ञानाच्या जागी जेव्हा दलाल येतो तेव्हा काय होते, तेही पाहिले पाहिजे. 'परतावा काढून देतो, वीस टक्के माझे' असे सांगणारे लोक सर्वच औद्योगिक गावांत असतात. ते न दिलेली देणगी, न भरलेला विमा, न घेतलेले कर्ज दाखवून परतावा फुगवतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी अशा मध्यस्थांची पडताळणी हाती घेतली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. दलाल आपला हिस्सा घेऊन मोकळा होतो. नोटीस येते ती ज्याच्या पॅनवर विवरणपत्र भरले त्याला. मग गावभर बोलबाला होतो, 'परतावा मागितला की नोटीस येते', आणि ज्याचा दावा शंभर टक्के खरा आहे तोही गप्प बसतो. खोटा दावा करणारा राष्ट्राला फसवतो, तसा तो आपल्या शेजाऱ्याच्या हक्काचाही घात करतो.

सरकारकडे मागणी करायची तर ती अवघड नाही. कापलेला कर, दोन्ही मालकांनी भरलेली तिमाही पत्रके, पीएफवरील कपात, बँकेचे व्याज, हे सारे एका पॅनखाली सरकारच्याच संगणकात आहे. नोव्हेंबर २०२१ पासून ते वार्षिक माहिती विवरणात नागरिकाला दिसतेही. मग ज्याचे सर्व उत्पन्न करमाफीच्या मर्यादेत आहे आणि तरी कर कापलेला आहे, त्याला विभागानेच हिशेब काढून 'तुमचे इतके रुपये निघतात, मान्य असल्यास कळवा' असा संदेश का पाठवू नये? थकबाकी निघाली तर संदेश आपणहून येतो, हा अनुभव सर्वांना आहे. पीएफच्या बाबतीत, एकाच कारखान्यात केवळ ठेकेदार बदलला असेल तर खाते आपोआप वर्ग व्हावे आणि सलग सेवा धरली जावी, एवढे झाले तरी पुष्कळ आठ हजार वाचतील.

ते होईपर्यंत आपल्या गावातील कामगार संघटना, पतपेढ्या आणि गणेशोत्सव मंडळे यांना एक काम करण्यासारखे आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वाणिज्य शाखेचे विद्यार्थी कमी नाहीत. जूनच्या मध्यापर्यंत फॉर्म १६ देण्याचे बंधन मालकावर आहे. त्यानंतरच्या रविवारी वाचनालयाच्या खोलीत दोन संगणक मांडून एखाद्या जाणकार लेखापालाच्या देखरेखीखाली कामगारांचे २६एएस पाहून दिले, तर कोणाचे किती अडकले आहेत हे दहा मिनिटांत कळते. फॉर्म १६ नसला तरी अडत नाही, ही माहितीच कित्येकांना नवी असेल. पॅन, आधार आणि बँकेचे पासबुक यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे तेव्हाच पाहावे. आधारशी न जोडलेला पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय होतो, आणि तो तसा असेपर्यंत परतावाही नाही, त्या काळाचे व्याजही नाही. विवरणपत्र भरले की तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, एरवी ते भरलेच नाही असे धरले जाते. दुकानात विवरणपत्र भरून आलेले पुष्कळ जण या एका पायरीवर अडकलेले असतात, कारण ओटीपी दुकानदाराच्याच मोबाइलवर गेलेला असतो.

मुदत हुकलेल्यांसाठी ३१ डिसेंबर ही तारीख आहे. उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असणाऱ्याला उशिराचे शुल्कही पडत नाही. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ही मर्यादा ४ लाखांची आहे, आणि ठेकेदाराकडे काम करणारे बहुसंख्य लोक तिच्या आतच येतात.